काविळीवाली अंबूबाई

कडेगावच्या स्टँडवर उतरून कुणालाही "काविळीवालीचं घर कुठं?" असं विचारलं, की माणूस आधी तुमच्या डोळ्यांत बघायचा आणि मग वाट सांगायचा. रविवारी आणि बुधवारी सकाळी, अनशापोटी, अंबूबाईच्या दारात माणसं बसलेली असायची. कराडकडची, शिराळ्याची, एकदा तर साताऱ्याहून एक वकीलसाहेब गाडी करून आले आणि बूट काढून निमूट पोत्यावर मांडी घालून बसले. अंबूबाईनं अंगठ्यानं त्यांची खालची पापणी ओढली, "लय दिस अंगावर काढलंसा की वो," म्हणाली आणि माळ घातली. वकील असो नाहीतर शेरडं राखणारा, सगळ्यांना तेच पोतं.

माळ म्हणजे तरी काय? ओढ्याकाठी उगवणाऱ्या घेटुळीच्या मुळ्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे पांढऱ्या दोऱ्याच्या सरकत्या गाठीत एकेक अडकवून केलेलं कडं. ते डोक्यावर ठेवायचं. तुकडे वाळतील तशा गाठी सैल पडतात आणि माळ आपोआप वाढत जाते. कपाळावरनं गळ्यात, गळ्यातनं छातीवर. बेंबीच्या खाली गेली, की कावीळ उतरली. मग ती वाहत्या पाण्यात सोडून द्यायची. तोवर तेल, तिखट, मटण बंद. पैसा घ्यायचा नाही, "इद्या इकली की मरती," असं अंबूबाईच्या सासूनं विद्या देताना बजावलेलं. आणि दुसरा नेम त्याहून कडक. आपल्या रक्ताच्या माणसाला आपल्या हातानं माळ घालायची नाही. लागू होत नाही.

हा दुसरा नेम कधी आडवा येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. येणार कसा? तिला एकच पोरगा, धनाजी. नवरा आकाराम, पोरगं चालायला लागायच्या आतच विहिरीची दरड अंगावर येऊन गेला. त्यानंतर अंबूबाईनं लोकांचा भांगलणीचा रोजगार करून पोर वाढवलं. आणि ह्या पोराचे डोळे जन्मात कधी पिवळे झाले नाहीत. गावातली निम्मी पोरं पिवळीधमक होऊन तिच्या दारात आली, हा पठ्ठ्या ठणठणीत. लोक म्हणायचे, "काविळीवालीच्या घरात शिरायची काविळीची काय टाप हाय?" अंबूबाई पदराआड हसायची. ह्या गोष्टीचा तिला लय गर्व होता, आणि का नसावा? बिचारीपाशी दुसरं होतं तरी काय गर्व करायला?

रेश्मा ह्या घरात सून म्हणून आली ती दोन हजार दहाच्या उन्हाळ्यात, शिराळ्याकडनं. अंगाची हळद उतरते न उतरते तोच, लग्नानंतरच्या चौथ्या महिन्यात ती पिवळी पडली. अन्न बघितलं की उलटी, लघवी चहासारखी, आणि डोळे तर विचारू नका. शेजारच्या हरणाबाईनं लगेच निदान करून टाकलं, "नव्या नवरीला हळद बाधली." हरणाबाईला गावात कुणी काही विचारत नसे, म्हणून ती न विचारता सांगायची. रेश्माला मात्र वेगळीच धास्ती. आल्या आल्या आजारी पडलेली सून, आता हे लोक आपल्याला माहेरी नेऊन घालणार!

झालं उलटंच. अंबूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "येडी का खुळी तू? सुनंचं रगात येगळं असतंय, सुनंला माळ चालती," म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं माळ घातली. तांदळाची पेज केली, उसाचा रस आणवला, ताकभात कालवून घास भरवले. सुनेला घास भरवणारी सासू रेश्मानं तोवर ऐकली नव्हती, बघणं तर लांबच.

रेश्माचा बाप तेवढ्यात भेटायला आला. साखर कारखान्यात काट्यावर कामाला असलेला माणूस, चार शहाण्या माणसांत उठबस. तो हळूच म्हणाला, "विहीणबाई, माळ हाय ती हायच. पर एकदा दवाखान्यात न्हेऊन रगात तपासून आणू का?"

अंबूबाईचा चेहरा पडला. "काविळीवालीनं आपली सून दवाखान्यात न्हेली, आसं झालं तर लोक माज्या तोंडात शेण घालतील, पावनं," म्हणाली.

बापानं विषय सोडून दिला. लेकीच्या सासरी येऊन विहिणीचा अपमान कोण करणार? इथंच घोडं पेंड खात होतं, पण ते तेव्हा कुणालाच दिसलं नाही. महिन्याभरात माळ बेंबीखाली आली, रेश्माचे डोळे पांढरेस्वच्छ झाले, भूक खवळून उठली. अंबूबाईनं गावात पेढे वाटले. आणि रेश्मा? तिनं त्या दिवसापासून सासूला देवाच्या जागी धरलं. एकदा बरं झालेलं दुखणं आलं कुठून, हे विचारायची पद्धत आपल्यात नाही. उतरलं ना? मग झालं तर.

पुढं दोन वर्षांनी सृष्टी झाली, सरकारी दवाखान्यात. त्याच दिवशी नर्सबाईनं पोरीच्या मांडीत सुई टोचली, तेव्हा अंबूबाईनं केवढा दंगा घातला! "अजून डोळं उघडलं न्हाईत लेकराचं, आन् ह्यास्नी टोचायची घाई!" नर्सबाईनं ऐकून घेतलं आणि आपलं काम केलं. देव तिचं भलं करो.

धनाजीचा धंदा हळदीचा. म्हणजे हळद दुसऱ्यांची, टेम्पो त्याचा. शिजवून वाळवलेली हळद ड्रममध्ये घालून पॉलिश करायची, पोती भरायची आणि सांगलीच्या मार्केट यार्डात आदगोंडा अण्णांच्या अडतीवर नेऊन उतरवायची. हंगामात हा बाबा घरी यायचा तो बिरोबाच्या भंडाऱ्यात लोळून आल्यासारखा. भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या, बनियन तर कितीही चोळलं तरी पिवळंच. रेश्मा कपडे आपटता आपटता म्हणायची, "लोकांस्नी हळद लग्नात लागती. ह्यास्नी रोज लागती." त्यावर धनाजी ओल्या हातानं तिच्या गालाला हळद फासून पळायचा. चाळिशीला टेकलेला माणूस, पण पोरकटपणा गेला नव्हता.

ह्या हळदीनंच घात केला. गेल्या हंगामात धनाजीला थकवा यायला लागला. पोतं उचललं की धाप. अर्धी भाकरी ताटात तशीच. अंगाला खाज सुटायची, तर म्हणायचा, "हळदीची धूळ बसलीया." डोळे पिवळसर दिसायला लागले, तर म्हणायचा, "हळद गेलीया डोळ्यात," आणि पाण्याचे चार हबके मारायचा. रेश्माला ते पटायचं. का पटू नये? घरातला टॉवेल पिवळा, उशी पिवळी, माणूस पिवळा. आणि अंबूबाई? जी बाई परक्याच्या डोळ्यातलं पिवळं अंगणापलीकडून ओळखायची, तिनं पोटच्या पोराची पापणी एकदाही खाली ओढून बघितली नाही. तिच्या घरात कावीळ शिरतच नव्हती ना!

ओळखलं ते आदगोंडा अण्णांनी. धनाजी मे महिना उलटल्यावर जुना हिशेब मिटवायला यार्डात गेला. अण्णांनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "धनाजी, हंगाम संपला की रं. आता कसली हळद डोळ्यात घेऊन हिंडतोस?" धनाजी हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी त्याला तसाच गाडीत घातला आणि आपल्या नात्यातल्या डॉक्टर चंदनाबाईंच्या दवाखान्यात नेला.

हिपॅटायटिस बी. लिव्हर आकसून गेलेलं, त्यावर मोठी गाठ, आणि पोटात पाणी धरायला सुरुवात झालेली. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त मागितलं. अंबूबाईचं, रेश्माचं, सृष्टीचं. अंबूबाईनं दंड पुढं करताना विचारलं, "माजं कशाला? मला काय धाड भरलीया?" नर्स म्हणाली, "घरातल्या सगळ्यांचं बघतात, आजी."

रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी नवराबायकोला आत घेतलं. अंबूबाई बाहेर बाकड्यावर भाकरीचं गठुळं घेऊन बसली होती.

"एकच विषाणू आहे," डॉक्टर म्हणाल्या, "पण तुमच्या घरात प्रत्येकाशी तो वेगळा वागलाय. सृष्टीला जन्मल्या दिवशी लस मिळाली, पुढचे डोसही झाले. तिच्या अंगात ताकद तयार आहे, तिला धोका नाही." रेश्मानं हात जोडले. "तुम्हाला लग्नानंतर कावीळ झाली होती ना? ती हीच. यांच्याकडून तुम्हाला लागली. पण मोठ्या माणसाचं शरीर ह्या पाहुण्याला ओळखतं, त्याच्याशी भांडतं आणि बहुतेक वेळा हाकलून देतं. ते भांडण म्हणजेच तुमची कावीळ. तुम्ही कायमच्या सुटलात."

"आन् ह्यास्नी कवा झाली? ह्येंचं डोळं तर कवाच पिवळं झालं न्हवतं," रेश्मा म्हणाली.

"जन्मताना. तान्ह्या बाळाच्या शरीराला आपलं कोण, परकं कोण हे अजून कळत नसतं. ते भांडतच नाही. भांडण नाही म्हणून कावीळ नाही. विषाणू मात्र चाळीस वर्षं आत राहून लिव्हर खातो."

धनाजी खुर्चीत पुढं सरकला. मग त्यानं विचारलं, "जन्मताना म्हंजी... आयकडनं?"

"हो. त्यांच्या रक्तात आजही आहे. त्यांचं लिव्हर चांगलं आहे, काहींच्या बाबतीत तो शांत राहतो. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं, धनाजी. यात त्यांचा काडीचाही दोष नाही."

रेश्माच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र सुरू झालं होतं. तिनं घाबरत घाबरत विचारलं, "बाई, माज्या काविळीच्या वक्ताला कुणी रगात तपासलं असतं तर?"

डॉक्टरांनी खाली बघितलं. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. "तर यांचंही तपासलं असतं. रोजची एक गोळी आणि वेळच्या वेळी तपासण्या. बहुधा एवढ्यावर भागलं असतं."

म्हणजे माळेनं तिला बरी केलीच नव्हती. तिची ती बरी झाली होती, आणि माळ मधल्यामध्ये मिरवत होती! आणि ती माळ मिरवली म्हणून हा माणूस हातचा चालला होता. रेश्माला बापाचं ते बोलणं आठवलं, सासूचं शेण आठवलं, पेढे आठवले, आणि तिच्या अंगाची आग आग झाली.

पण धनाजीचं ध्यान त्यात नव्हतंच. तो बायकोकडं वळून म्हणाला, "रेश्मे, आयला ह्यातलं काय बी कळता कामा न्हाई. लोकांच्या काविळी उतरवण्यात जलम गेला तिचा. आपल्याच रगतातनं आपल्याच पोराला ह्ये दिलं, आसं कळलं तर ती माज्या आदी मरंल. माजी आण हाय तुला."

"अहो, पण त्यांना दर सहा महिन्यांनी तपासायला हवं," डॉक्टर म्हणाल्या.

"आणू की. बीपी म्हणून आणू. मी नसलो तर ही आणंल." मी नसलो तर, हे त्यानं असं म्हटलं, जसं काय टेम्पो घेऊन महाबळेश्वरला भाडं मारायला निघालाय. रेश्माला हुंदका आला. तिनं आण घेतली. मरायला टेकलेल्या नवऱ्याला नाही कसं म्हणायचं?

त्यानंतर घरात सगळा खेळ ह्या एका गोष्टीभोवती फिरायला लागला. म्हातारीला कळू द्यायचं नाही. धनाजीला औषधापेक्षा त्याचीच काळजी जास्त. दवाखान्यात कुणी मोठ्यानं बोललं, की तो आधी आई कुठं आहे ते बघायचा. गावात त्यानं उठवून दिलं, की आपण चोरून दारू पीत होतो, त्यानं लिव्हर गेलं. ज्यानं जन्मात बाटलीचं बूच हुंगलं नाही, त्यानं स्वतःवर असलं किटाळ घेतलं. हरणाबाईनं ते दोन दिवसांत गावभर केलं. अंबूबाई ऐकून घ्यायची आणि चुलीकडं वळायची.

एकदा वॉर्डात कुणीतरी अंबूबाईला सांगितलं, की घरच्या माणसाच्या लिव्हरचा तुकडा काढून रोग्याला बसवतात. झालं! म्हातारी तशीच डॉक्टरांच्या खोलीत घुसली. धनाजी आणि रेश्मा तिथंच होते.

"माजं घ्या, बाई. आत्ताच्या आत्ता घ्या."

"आय, तुजं वय झालंय. चालत न्हाई," धनाजी घाईनं म्हणाला.

"वय झालंय म्हणूनच म्हणते. मला आता कुणाला दावायचं हाय त्ये? सगळंच्या सगळं काढून घेत्यात का बघा."

"कुणाचंच चालणार नाही, आजी. गाठ फार पुढं गेलीय," डॉक्टर म्हणाल्या. आणि ते खरंच होतं. पण अंबूबाई हटेना. शेवटी धनाजी आईवर ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा. "न्हाई म्हणलं न्हवं एकदा! चल बाहीर!" तो स्वतःच उठून बाहेर गेला, भिंतीला टेकून रडला. रेश्मा त्याच्या मागं धावली. अंबूबाई मात्र बराच वेळ आतच होती. बाहेर आली तेव्हा तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला होता. पाया पडून विनवण्या करत असेल बिचारी, असं रेश्माला वाटलं. तिला सासूची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

आषाढात त्याला घरी आणला. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या, पोट तेवढं टम्म. डोळे आता असे पिवळे होते, की आंधळ्यालाही दिसावेत. एका बुधवारी सकाळी तो म्हणाला, "आय, मला माळ घाल की."

अंबूबाई चुलीपुढं होती. तिथंच थबकली. "रगताला लागू व्हत न्हाई, लेकरा."

"व्हती का न्हाई बघू तर. सगळ्या दुनियेला घातलीस, मला एकट्याला घातली न्हाईस."

रेश्माला कळत होतं तो हे का करतोय. आईला वाटावं, आपण हात जोडून बसलो नाही, काहीतरी केलं. अंबूबाई उठली, ओढ्याकाठी जाऊन घेटुळी उपटून आणली आणि माळ ओवायला बसली.

माळ कपाळावरनं गळ्यात आली. गळ्यातनं छातीवर आली. धनाजी रोज आईला हाक मारून दाखवायचा, "बघ, उतरायला लागली." आणि मग ती पोटापाशी येऊन अडकली. पाण्यानं तटतटलेल्या त्या पोटावरनं खाली जाईना. दोन दिवस झाले, चार झाले, तिथंच. धनाजीनं हसण्यावारी नेलं, "च्यायला, ह्या पोटानं इज्जत घालवली." पण त्याचं तोंड उतरलेलं होतं.

एका दुपारी त्याचा डोळा लागला होता. रेश्मा धुणं घेऊन आत आली, तर अंबूबाई त्याच्या अंथरुणाशी बसून नखानं माळेच्या गाठी सोडत होती. एक सोडली, दुसरी सोडली, दोरा ओढून सैल केला, आणि माळ अलगद पोटावरनं खाली सरकवली. सुनेला बघून ती दचकली. रेश्माचं टाळकं सरकलं. मरणाऱ्यालाही ही बाई फसवते? एवढी हौस आपल्या विद्येची? जाग आल्यावर धनाजी ओरडला, "आय, उतरली गं!" आणि अंबूबाई म्हणाली, "व्हय रं माज्या राजा, उतरली." रेश्मानं धुणं तिथंच टाकलं आणि परड्यात जाऊन उभी राहिली.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी धनाजी गेला. शेवटी शुद्ध होती तेव्हा त्यानं आईला एवढंच सांगितलं, "आय, बीपीची तपासणी चुकवू नगंस." ती म्हणाली, "न्हाई चुकवत." सृष्टी शाळेच्या कपड्यांवर बापाचे पाय धरून बसली होती. ते बघून दगडालाही पाझर फुटला असता.

तेरावं झालं. सांत्वनाला आलेल्या बायका निघता निघता हरणाबाईनं तोंड उघडलंच. "अंबू, राग मानू नगंस. पर तू तुज्या हातानं माळ घालायला नगं हुती. रगताला लागू व्हत न्हाई, तुलाच ठावं न्हवं? दुसऱ्या कुणाकडनं घालून घेतली असतीस तर पोरगं हाताला लागलं असतं."

अंबूबाई मान खाली घालून म्हणाली, "व्हय बाई. चुकलं माजं."

बायका गेल्या. रेश्मानं दार लावलं आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं उसळून वर आलं.

"चुकलं माजं? ह्येच तेवढं चुकलं व्हय, आत्याबाई? रगताला लागू झाली न्हाई म्हणून गेलं व्हय ह्ये? आवं, ती माळ कुणालाच लागू व्हत न्हाई! मला बी झाली न्हवती. माजी मी बरी झाले. माजा बा दवाखान्यात न्हेत हुता, तुमी न्हेऊ दिलं न्हाई, तुमच्या तोंडाला शेण लागंल म्हणून! तवा रगात बघितलं असतं तर आज माजा नवरा जित्ता असता. आन् वरनं त्या पोटावरच्या गाठी सोडताना लाज न्हाई वाटली? मरतानाबी फसवलासा त्येला. आन् माळंचं ऱ्हाऊ द्या, त्यो रोग मुळात त्येला तुमच्याच..."

ती थांबली. आण आठवली. तोंडावर हात गच्च दाबला, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

"माज्याच रगतातनं गेला," अंबूबाई म्हणाली. "बोल की. थांबलीस का?"

रेश्माचा तोंडावरचा हात खाली आला.

"माजं घ्या म्हणून खोलीत गेल्ते न्हवं, तवाच कळलं. तुमी दोगं बाहीर गेलासा. मी डाक्टरीण बाईस्नी म्हणलं, माज्या रगताचं खरं काय त्ये सांगा, माजं मला कळाय नगं? त्यास्नी सांगावंच लागलं. आन् मीबी त्यास्नी आण घातली, माज्या लेकाला ह्ये कळू देऊ नगा म्हणून." तिचा आवाज फुटला. "साठ वर्सं माज्या अंगात गप बसलं त्ये, रेश्मा. मला खाल्लं न्हाई. माज्या लेकराला खाल्लं. तुजा बा बरूबर सांगत हुता. माज्या तोंडात शेण पडलं असतं तर बरं झालं असतं गं."

"मग त्या गाठी..."

"त्यानं माळ माज्यासाठी घालून घेतली, त्ये का मला कळत न्हवतं? ती अडकली, आन् मला वाईट वाटंल म्हणून त्यो दिसभर पोट आत वढून धरायचा. पाण्यानं भरल्यालं पोट! घाम फुटायचा, दात खायाचा, आन् वढतुय आपला. मला बघवंना. म्हणून सोडल्या गाठी."

रेश्मा सासूपुढं बसली. "आवं, मग त्यास्नी सांगायचं तरी! मला म्हाईत हाय म्हणायचं. एकदा गळ्यात गळा घालून रडला असता दोगं मायलेकरं. त्यो माणूस शेवटपातूर तुमच्यापास्नं लपवत बसला."

"काय सांगू?" अंबूबाई म्हणाली. "त्येला वाटत हुतं, आपुन आयला ह्यातनं वाचिवली. मराय लागलेल्या माज्या पोराच्या हातात तेवढंच एक ऱ्हायलं हुतं. त्येबी फुकट गेलं, आसं सांगू व्हय त्येला?"